एका उकाराचं म्हातारपण

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात माणसाचं वय जन्मदाखला ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं. मिसरूड फुटेपर्यंत तुम्ही 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. मग 'अण्णा'. आणि मग एके दिवशी कुणीतरी सहज, खिळे मागता मागता, तुम्हाला 'अज्जा' म्हणतं, म्हणजे आजोबा. त्याच्या मनात काही नसतं. त्याला फक्त खिळे हवे असतात.

प्रभंजन आजरेकरांच्या बाबतीत हे जानेवारीत झालं. एक ओळखीचा गवंडी चार इंची बिजागऱ्या मागायला आला. चार इंची बिजागऱ्या आजरेकर हार्डवेअरमध्ये माळ्यावर असतात, आणि माळ्यावर जायला एक लाकडी शिडी आहे. ती शिडी अण्णा आजवर नुसती चढले नव्हते, वाजवत आले होते. गिऱ्हाइकाचं वाक्य संपायच्या आत बिजागरी हातात. प्रभंजन म्हणजे वादळ, आणि थोरल्या काकांनी ठेवलेलं हे नाव त्यांनी निदान शिडीपुरतं तरी सार्थ केलं होतं. त्या दिवशी मात्र तिसऱ्या पायरीवर छातीत भाता सुरू झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि अण्णा चक्क त्या पायरीवर बसले. शिडीच्या पायरीवर बसलेला दुकानदार हे दृश्य गवंड्यानं क्षणभर पाहिलं आणि मायेनं म्हणाला, "राहू द्या अज्जा. पोराला चढू द्या की."

पोर म्हणजे श्रीनिधी, अण्णांचा मुलगा, वय चौतीस. तो चढला. दोन इंची घेऊन खाली आला. पुन्हा चढला. अण्णा पायरीवरून उठून गल्ल्यापाशी बसले होते, आणि त्यांच्या कानात 'अज्जा' हा शब्द कुलपात मोडलेल्या किल्लीसारखा अडकून बसला होता.

तसं अण्णांचं वय एकसष्ट. आजऱ्याहून पणजोबा आले, दुर्गदबैलात कडी-कोयंडे विकू लागले, तेव्हापासून या घराण्याचा एक अलिखित करार होता: दुकानात कन्नड, घरात मराठी. अण्णांचं कन्नड असं पक्कं, की धारवाडचा शास्त्रीबुवा भाव करताना हरायचा. पण ते दुकानाचं कन्नड होतं. त्यात खिळ्यांचे, स्क्रूंचे, नळाच्या तोट्यांचे शब्द होते, शिव्याही दर्जेदार होत्या, लग्नाच्या आमंत्रणापुरता गोडवा होता. आजारपण मात्र या घरात पहिल्यापासून मराठीत होत आलं. पोटात दुखायचं ते मराठीत, काढा मिळायचा तो मराठीत, आणि 'आंघोळ केल्यावर पंख्याखाली बसू नकोस म्हटलं होतं की नाही' हे तर मराठीशिवाय कुठल्या भाषेत बोलणार? ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. पुढे तीच भोवली.

अण्णा राहायला नवनगरात. घर बैठं, मागे कंपाउंड, आणि कंपाउंडापलीकडे मोकळा प्लॉट. दुसऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर मेथी पेरणं हा नवनगरात जवळपास नागरी हक्क आहे, आणि अण्णा तो दहा वर्षं बजावत होते. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी फोनवर पाठवलं, की पहाटे अनवाणी ओल्या मातीत चाललं की नजर सुधारते, रक्त शुद्ध होतं आणि माणूस पृथ्वीशी जोडला जातो. अण्णा लगेच जोडले गेले. रोज पहाटे मेथीच्या वाफ्यात अनवाणी येरझारा. बायको उत्तराबाई म्हणायच्या, "अहो, पृथ्वीशी जोडला गेलात ते बरं झालं, पण पाय धुऊन घरात या." गेल्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली तेव्हा त्यांनी खोबरेल तेल लावलं. अण्णा म्हणाले, "खाज म्हणजे रक्त शुद्ध होतंय."

गेल्या पावसाळ्याआधी प्लॉटवर चार मजली इमारत सुरू झाली. मेथीला कडेची एक पट्टी उरली. प्लॉटच्या कोपऱ्यात कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या आल्या, सिमेंटवर मारायच्या पाण्यासाठी एक उघडी टाकी आली, आणि राखणीला रेश्मा आली. यादगीरकडची, तिशीतली बाई. नवरा स्लॅबच्या कामावर, ही राखण करायची आणि भिंतींवर पाणी मारायची. संडास कुणी आणला नाही. इमारत झाली की प्रत्येक घरात दोन-दोन असणारच होते. तोवर कामगार पहाटेच्या अंधारात प्लॉटच्या कडेला जात, आणि कडेला, उताराच्या बाजूला, अण्णांची मेथी होती. पाऊस पडला की वरचं सगळं खाली येई. मेथी त्या वर्षी अशी फोफावली की अण्णांनी शेजारीपाजारी वाटली. आता ते आठवलं की शेजारी विषय बदलतात.

नवरात्रात तिसऱ्या माळेला अण्णांना थंडी वाजून आली. दात एवढे वाजले की उत्तराबाईंना वाटलं, देवघरात कुणी घंटा हलवतंय. मग ताप, मग घाम, मग एक दिवस ठणठणीत, आणि पुन्हा थंडी. डॉक्टर सुधींद्र कट्टींनी रक्त तपासलं: मलेरिया. टाकीवरच्या डासांनी कंपाउंड ओलांडलं होतं. डॉक्टर तरुण, धारवाडचे, बोलणं सगळं कन्नडात. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि ताप गेला तरी यकृतात लपून बसलेले जंतू मारायला दोन आठवड्यांच्या वेगळ्या गोळ्या दिल्या. त्यातली एकही चुकवायची नाही, असं बजावलं. अण्णांनी चुकवली नाही. उत्तराबाई रोज विचारायच्या, "जंतूंची गोळी घेतली का?" आणि अण्णा आ करून रिकामं तोंड दाखवायचे.

दिवाळीपर्यंत ताप गेलेला होता. ताकद मात्र परत आली नाही.

सुरुवातीला सगळे म्हणाले, मलेरियाचा अशक्तपणा आहे, जाईल. मग म्हणाले, हळूहळू जाईल. मग हळूहळू म्हणायचं बंद केलं. संक्रांत आली तेव्हा घरात एक वेगळाच शब्द फिरू लागला होता, आणि तो सगळे अण्णा खोलीत आले की गिळायचे. वय. घरी मराठीत 'वय झालं', बाजारात कन्नडात 'वयस्सातु'. हे निदान फार सोयीचं असतं. त्याला तपासणी लागत नाही, औषध लागत नाही, आणि रोग्यानं विरोध केला तर तेही वयाचंच लक्षण धरता येतं.

श्रीनिधी वाईट मुलगा नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर भांडता आलं असतं. तो खुर्चीवर उशी आणून ठेवायचा. "अप्पा, दुपारी घरी जा की. मी आहे." "अप्पा, शटर मी ओढतो." संक्रांतीच्या संध्याकाळी तिळगूळ देता देता तो खाली मान घालून म्हणाला, "अप्पा, या युगादीला किल्ल्या माझ्याकडे द्या. तुम्ही या, बसा, चहा प्या. पण जबाबदारी नको आता."

युगादी म्हणजे आपला पाडवा. आजरेकरांच्या दुकानाच्या किल्ल्या पाडव्यालाच हात बदलत आल्या होत्या. अण्णांच्या वडिलांनी दिल्या तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. तरी वर्षभर ते हातानं चाचपून सांगत होते, हा स्क्रू पाऊण इंची, परत ठेव.

"बघू," अण्णा म्हणाले.

"बघू म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू. तिळगूळ खा आणि गोड बोल."

पण रात्री पलंगावर बसताना त्यांना स्वतःलाच वाटलं, असेल. असंच येत असेल म्हातारपण. आपण समजत होतो हळूहळू येतं. ते बहुधा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर दबा धरून बसतं.

एवढं मानूनही एकदा डॉक्टरांना दाखवू म्हणून ते कट्टींकडे गेले. एकटेच गेले, कारण उशी बरोबर नको होती. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन निम्म्याच्या आसपास. लोहाच्या गोळ्या लिहून देता देता, मान वर न करता, त्यांनी कन्नडात विचारलं, "जंतिन गुळिगी तगोंडीरेन्री?"

गुळिगी म्हणजे गोळी, तगोंडीरेन्री म्हणजे घेतली का. आणि जंतिन म्हणजे, अण्णांच्या मते, जंतूंची. उत्तराबाईंचा रोजचाच प्रश्न, फक्त कन्नडात.

"हौद्री," अण्णा ताठ बसून म्हणाले. हो तर. "पूर्ण घेतल्या. एकही चुकवली नाही."

"झकास," डॉक्टर म्हणाले, आणि तो मुद्दा त्यांनी मनातून खोडून टाकला.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिना गेला. अण्णांची जीभ काळी पडली, बाकी काही फरक पडला नाही. आता चपला घालायला वाकलं तरी धाप लागू लागली. तरी मेथीच्या पट्टीत पहाटेची येरझार त्यांनी सोडली नव्हती. उलट वाढवली होती. म्हातारपण आलंच आहे तर पृथ्वीशी तरी ओळख असावी.

त्याच सुमारास त्यांचं रेश्माशी वाजलं. पलीकडे ती विटांच्या ढिगावर बसलेली असायची. सकाळी पाहावं तर बसलेली, दुपारी पाहावं तर बसलेली. पाण्याचा पाइप मांडीवर, पाणी भलतीकडेच. आयुष्यभर उभ्यानं धंदा केलेल्या माणसाला बसलेलं माणूस बघवत नाही. एका सकाळी अण्णा कंपाउंडाच्या भिंतीला टेकून, कारण नुसतं उभं राहवत नव्हतं, तिला म्हणाले, "काय रेश्मा, बसून बसून विटा झिजतील की."

ती कन्नडातला मानाचा 'र' जोडून म्हणाली, "विटा झिजल्या तर कंत्राटदार दुसऱ्या आणेल, अण्णार. मी झिजले तर दुसरी बाई आणतो म्हणालाय."

"मग उठून काम कर."

"उठलेच होते. उठून झालं की बसते." आणि मग त्यांच्याकडे नीट बघत, "तुम्ही का भिंत धरलीय? पडेल म्हणून?"

अण्णांना राग आला. तो राग घेऊन ते आत आले आणि उत्तराबाईंना म्हणाले, "ती बाई पक्की आळशी आहे." उत्तराबाई म्हणाल्या, "असेल. तुम्ही आधी बसा. ओठ पांढरे पडलेत."

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सून वेदश्री शाळेतून घरी आली ती खुर्चीवर कोसळलीच. लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत ती तिसरीची बाई. माहेर बेळगावचं, त्यामुळे तिच्या एका वाक्यात दोन भाषा सुखानं नांदतात. "आई, पाणी द्या हो. दिवसभर पोरांना जंतिन गुळिगी वाटून घसा बसला. एक चावतंय, एक गालात ठेवतंय, एकानं तर बाकाखाली चिकटवली."

अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. ते ताडकन, म्हणजे त्यांच्या तेव्हाच्या मानानं ताडकन, उठून बसले. "एवढ्या सगळ्या पोरांना मलेरिया झालाय?"

वेदश्रीचा पाण्याचा पेला ओठांपाशी थांबला. "मलेरिया कुठून आला, अप्पा?"

"जंतिन गुळिगी म्हणालीस ना. जंतूंची गोळी. मला पण दिली होती, दोन आठवडे."

"अहो नाही. जंतांची. पोटातले जंत, वळवळणारे. आज सगळीकडे शाळांतून देतात, वर्षातून दोनदा."

"जंताला कन्नडात हुळ म्हणतात. एवढं कळतं मला."

"हुळ म्हणजे कुठलाही किडा. पोटातला तो जंतु हुळ, नुसतं जंतु म्हटलं तरी तोच. आपला जंतू म्हणजे साधा रोगजंतू, त्यांचा जंतु म्हणजे आपला जंत." वेदश्रीनं तिसरीला समजावून सांगावं तसं सांगितलं, आणि मग सासऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती थांबली. "का हो?"

अण्णा मनात एक वाक्य पुन्हा ऐकत होते. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलेलं. आणि आपण ताठ बसून दिलेलं उत्तर.

"उत्तरा," ते शेवटी म्हणाले, "माझं उत्तर चुकलं."

"माझं काय चुकलं?" उत्तराबाई आतून म्हणाल्या. या नावाचा हा त्रास त्यांना लग्नापासून आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सगळी हकिगत सांगितली तेव्हा डॉक्टर कट्टींनी पेन खाली ठेवलं. हसावं की कपाळाला हात लावावा, हे त्यांचं बराच वेळ ठरेना. "म्हणजे मी विचारलं जंत," ते म्हणाले, "आणि तुम्ही सांगितलं जंतू."

"एका उकाराचा फरक, डॉक्टर."

"त्या उकारानं तुमचं अर्धं रक्त प्यायलं, अण्णा." मग त्यांनी कपाटातून एक छोटी डबी काढून पुढे सरकवली. "उद्या सकाळी सॅम्पल आणा."

सॅम्पल हा अण्णांच्या धंद्यातला फार आदराचा शब्द. गिऱ्हाईक जुना स्क्रू, मोडकी कडी, झिजलेला वायसर घेऊन येतं, ते सॅम्पल. ते तळहातावर घेऊन, उलटसुलट करून, अण्णा जोड काढून देत आले होते. आता स्वतःचं सॅम्पल कागदात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून ते रिक्षात बसले, आणि वाटेत भेटलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं "काय अण्णा, सॅम्पल घेऊन कुठे?" असं नेमकं सवयीनं विचारलं, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला ओळख दिली नाही.

तपासणीत अंकुशकृमीची अंडी निघाली. डॉक्टरांनी समजावलं. हा जंत बारीक, दोऱ्याएवढा. मातीत वाढतो, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला तोंड लावून बसतो आणि थेंब थेंब रक्त पितो. खाज सुटली होती का बोटांत? सुटली होती. रक्त शुद्ध होत नव्हतं तर. नाही, येणारे येत होते.

"पण मग मलेरिया?" अण्णांनी विचारलं. "तो खरा की तोही भाषेतला?"

"तो खरा. दोघंही खरे. मलेरिया रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, धडाक्यानं. तुमच्या भाषेत सांगायचं तर दुकानावर दरोडा पडला. दरोडा दिसतो, आरडाओरडा होतो, पोलीस येतात. दरोडेखोर पळाले. मालक म्हणतो, आता माल भरू, दुकान पूर्ववत होईल. पण आतलाच एक नोकर रोज मूठभर खिळे खिशात घालून घरी नेतोय. तुम्ही लोहाच्या गोळ्या घेत होता ना? ते खिळे तुम्ही त्याच्यासाठी भरत होता."

अण्णांना हे इतकं पटलं की त्यांनी नोकराचं नावच विचारायचं बाकी ठेवलं. "त्या नोकरानंच दरोडेखोरांना दार उघडलं असेल का?"

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. "चांगला प्रश्न विचारलात. यावर अजून वाद चालू आहेत. जंताला वर्षानुवर्षं आत राहायचं असतं, म्हणून तो शरीराच्या पहारेकऱ्याला थोडी गुंगी देऊन ठेवतो. पहारेकरी पेंगुळला की मलेरियाचं फावतं, असं काही पाहण्यांत दिसलंय. उलट काही जंतांमुळे मलेरियाचा भडका कमी झाला, असंही काहींना दिसलंय. माणूस बदलला, जंत बदलला, गाव बदललं, की उत्तर बदलतं. खात्रीनं एवढंच सांगता येतं, की दोघं एका घरात शिरले की रक्ताची बेरीज-वजाबाकी जुळत नाही. आणि गंमत बघा, आम्ही एक सापडला की दुसरा शोधत नाही. मीही तुमच्या एका 'हौद्री'वर थांबलो."

मग त्यांनी जंताची गोळी दिली. खरी. जंतिन गुळिगी. लोह पुढे चालू.

"म्हणजे," अण्णांनी दारात उभं राहून विचारलं, "हे म्हातारपण नाही?"

"म्हातारपणाची अंडी सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, अण्णा."

जंत झाले म्हणून इतका आनंदलेला माणूस हुबळीनं आधी पाहिला नसेल. अण्णांनी येताना पेढे घेतले. उत्तराबाई म्हणाल्या, पोटात किडे निघाले म्हणून कुणी पेढे वाटतं का. अण्णा म्हणाले, वय निघालं असतं तर वाटले नसते. सगळ्या घरानं गोळ्या घेतल्या. मेथीची पट्टी उपटली गेली. दुर्गदबैलातून अण्णांनी स्वतःसाठी गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट आणले आणि ते घालून कंपाउंडात असे फिरू लागले, की श्रीनिधी म्हणाला, अप्पा अग्निशमन दलात लागले.

त्या आनंदातच ते एका सकाळी भिंतीपाशी गेले. पलीकडे रेश्मा विटांवर बसली होती. मान एका बाजूला, पाइप मांडीवर. ऊन चढलं होतं, आणि तिच्या ओठांचा रंग अण्णांना ओळखीचा वाटला. गेले चार महिने तो आरशात रोज दिसत होता.

ते तिच्या पायांकडे बघत राहिले. अनवाणी. त्याच ओल्या मातीत.

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर आपण बसलो तर लोक अज्जा म्हणाले. उशी आणून दिली. ही विटांवर बसली तर आपणच हिला आळशी म्हणालो. घर बदललं की रोगाचं नावही बदलतं, भाषा न बदलता.

"रेश्मा," ते म्हणाले, "दसऱ्याच्या वेळी ताप आला होता का तुला? थंडी वाजून?"

"आला होता की. सगळ्यांनाच आला."

"गोळ्या?"

"घेतल्या. ताप गेला तशा बंद केल्या. उरलेल्या नणंदेला दिल्या. तिला पण ताप होता." मग जरा थांबून, "मधेमधे येतो अजून. दिवसाआड. सांगू नका हं कंत्राटदाराला."

"जंतिन गुळिगी घेतलीस?" या खेपेला अण्णांनी शब्द अगदी तोलून, दोन्ही बाजूंनी तपासून वापरला.

"ती लहान पोरांना देतात, अण्णार."

"मलाही देतात," अण्णा म्हणाले. "चल."

उत्तराबाई बरोबर गेल्या, कारण परक्या बाईला रिक्षात घालून निघालेला गमबुटातला माणूस नवनगराला पेलला नसता. रेश्माच्या रक्तात मलेरिया सापडला, यकृतात लपलेला पुन्हा वर आलेला. पोटात अंकुशकृमीही. दोघं एकाच वेळी, राजरोस. आणि हिमोग्लोबिन अण्णांच्याही खाली. डॉक्टर कट्टींनी तो आकडा दोनदा वाचला. "ही बाई काम करते?" त्यांनी हळू विचारलं.

"भिंतींना पाणी मारते," अण्णा म्हणाले. "चार मजले."

गोळ्या सुरू झाल्या, अर्धवट न सोडण्याची जबाबदारी उत्तराबाईंनी घेतली. आता त्या रोज भिंतीवरून ओरडायच्या आणि रेश्मा आ करून दाखवायची. पण अण्णांना एक गोष्ट सोडत नव्हती. गोळीनं आतला नोकर जाईल. माती तीच राहिली तर महिन्याभरात नवा लागेल.

कंत्राटदार त्यांचंच गिऱ्हाईक होता. दुकानात आला तेव्हा अण्णांनी विषय काढला.

"संडास?" तो म्हणाला. "अण्णा, इमारत होऊ द्या. एकूण सोळा आहेत नकाशात."

"तोवर?"

"तोवर काय, माणसं सवयीची आहेत."

"बरं," अण्णा म्हणाले. "मग तुझ्या सोळाच्या सोळा दारांना दुसऱ्या दुकानातून बिजागऱ्या ने."

"हे काय अण्णा, चाळीस वर्षांचा संबंध."

"माणसं सवयीची आहेत," अण्णा म्हणाले. "तुलाही होईल सवय."

चार दिवसांत पत्र्याचा संडास उभा राहिला, खाली खड्डा, वर छप्पर. उघड्या टाकीवरही झाकण आलं. दाराला मात्र बाहेरून कडी होती, आतून काही नाही. रेश्मानं उत्तराबाईंना ते सांगितलं, त्यांनी अण्णांना. अण्णा दुकानातून सहा इंची कडी घेऊन आले आणि गमबूट घालून, पत्र्याला लाकडी पट्टी ठोकून, आतल्या बाजूनं स्वतः बसवली. मध्ये एकदा थांबून दम घेतला. पण फक्त एकदा.

पाडव्याला सकाळी श्रीनिधीनं दुकानाला तोरण बांधलं. कडुनिंब आणि गूळ सगळ्यांच्या हातावर आला. किल्ल्यांचा जुडगा अण्णांच्या हातात होता. श्रीनिधी काही मागत नव्हता, पण बघत होता.

तेवढ्यात जानेवारीतला तोच गवंडी आला. चार इंची बिजागऱ्या.

श्रीनिधी शिडीकडे वळला. अण्णांनी त्याला नजरेनं थांबवलं. पहिली पायरी. दुसरी. तिसरीपाशी ते क्षणभर थांबले, पायरी हातानं दाबून पाहिली, जणू तिथे अजून कुणी बसलंय का ते बघावं तशी, आणि मग वर गेले. शिडी पूर्वीइतकी वाजली नाही, पण वाजली. बिजागऱ्या घेऊन ते खाली आले तेव्हा दम लागला होता. खोटं कशाला बोला. सहा महिन्यांपूर्वी एवढा लागला नसता.

"सावकाश, अज्जा," गवंडी म्हणाला.

अण्णांनी बिलाचा कागद घडी करून त्याच्या हातात दिला. "अज्जा म्हण, अण्णा म्हण," ते म्हणाले. "स्क्रू पाऊण इंचीच ने."

गवंडी गेल्यावर श्रीनिधीनं विचारलं, "मग किल्ल्या?"

अण्णांनी जुडग्यातली माळ्याच्या कुलपाची किल्ली सोडवून त्याच्या हातावर ठेवली. बाकीच्या खिशात घातल्या. "ही आजपासून तुझी. वर काय कुठे ठेवलंय ते आधी शीक, दोन इंची आणि चार इंची यांत फरक असतो. उरलेल्या मी देईन."

"कधी?"

"पुन्हा दमलो की कट्टींकडे जाईन. ते ज्या दिवशी म्हणतील, अण्णा, याला गोळी नाही, त्या दिवशी संध्याकाळी."

श्रीनिधीनं वडिलांकडे पाहिलं, मग खुर्चीवरची उशी उचलून आपल्या स्टुलावर टाकली आणि तिच्यावर बसला.

संध्याकाळी अण्णा मागच्या दारानं प्लॉटवर गेले. सवय होती, मेथी नसली तरी. रेश्मा दुसऱ्या मजल्याच्या कडेला उभी राहून भिंतीवर पाणी मारत होती, आणि पाणी भिंतीवरच पडत होतं. पायांत उत्तराबाईंच्या जुन्या चपला. अण्णांचा एक गमबूट चिखलात रुतून निघेना, म्हणून ते शेजारच्या विटांच्या ढिगावर टेकले आणि दोन्ही हातांनी तो ओढू लागले.

वरून आवाज आला. "अण्णार, विटा झिजतील की."

"झिजू देत," अण्णा म्हणाले, आणि बूट निघेपर्यंत निवांत बसून राहिले.